उजवीकडचे तीन सेकंद

यंत्र काही विसरत नाही.
कुह्मोच्या जंगलात ते झाड धरतं, कापतं, सोलतं,
आणि प्रत्येक खोडामागे एक ओळ माझ्याकडे धाडतं:
जात स्प्रूस, बुंधा एकतीस सेंटिमीटर,
ओंडके तीन, वेळ बेचाळीस सेकंद.
कुणी विचारलेलं नसतं, कुणी लिहून घेतलेलं नसतं.
पातेल्याच्या तळाशी क्षार धरावा
तसं आपोआप साचत जातं.

मी काजानीत, तिसऱ्या मजल्यावर, हीटरला पाय लावून
त्या ओळी चाळते.
कुणाचं यंत्र कुठे अडखळतं, डिझेल कुठे फुकट जळतं,
ते नकाशावर रंगवते. लाल म्हणजे वाईट.

कौको मुस्तोनेनच्या नकाशात लाल एकाच अंगाला होतं.
डावीकडचं झाड तो घास उचलावा तसं उचलायचा.
उजवीकडचं पकडण्याआधी तीन सेकंद.
दर वेळी.
पाच वर्षांच्या ओळी उपसल्या, तरी तीनच.
पाळीला सव्वातीनशे झाडं उजवीकडची,
म्हणजे सोळा मिनिटं.
आमच्या वरिष्ठ तुलिक्कीनं सोळाला कामाच्या दिवसांनी गुणलं
आणि गाडीची किल्ली माझ्यापुढे सरकवली.

उणे तेवीस. नाकातले केस कडक झालेले.
कौकोनं थर्मासचं झाकण भरून मला दिलं,
स्वतः बाटलीलाच तोंड लावलं.
मी आलेख उघडला.
तो बघत राहिला, जणू कुणी समोर
त्याच्याच चालण्याची नक्कल करून दाखवतंय.
मग म्हणाला, "दिवा."

त्याच्या पहिल्या यंत्राचा उजवा दिवा गेलेला होता.
मालक म्हणाला, पुढच्या आठवड्यात बसवतो.
तो आठवडा दोन हिवाळे टिकला.
डावीकडे लख्ख, उजवीकडे नुसता अंदाज.
थांबायचं. डोळे सरावू द्यायचे.
खोड कुठे, फांदी कुठे,
पलीकडे कुणी माणूस तर उभा नाही ना.
त्यानंतर सहा यंत्रं झाली.
आताच्याला चौदा दिवे आहेत, रात्री बर्फ डोळ्यांत खुपतो.
हाताला मात्र कुणी सांगितलंच नाही.

"सत्तावीस वर्षं," तो म्हणाला,
आणि हातमोज्यातल्या बोटांवर गुणाकार करू लागला.
मध्येच सोडून दिला.

परतताना वाटलं, झालं काम.
आठवडाभर सराव, सीटखाली एक इशारा बसवायचा,
सोळा मिनिटं परत.

पण त्याच ओळींत, खूप उजव्या बाजूला,
एक रकाना होता जो मी कधी उघडला नव्हता:
काप चुकून लगद्याच्या ढिगात गेलेले ओंडके.
डावीकडचे शंभरात सात.
उजवीकडचे दोन.

मी दोनदा तपासलं. हीटर बंद केला, चालू केला.
दिवा लागल्यावरही तो थांबत राहिला होता,
आणि थांबलेल्या माणसाला खोडाचा बाक दिसतो,
सालीखालची कुज दिसते, गाठ दिसते.
त्याला वाटायचं, आपण काहीच करत नाही.
मलाही तेच वाटलं होतं, मी तर ते लाल रंगवलं.

फॉर्मवर कारणाचा एक रकाना असतो.
बिघाड, इंधन, जेवण, उतार, इतर.
मी 'इतर' निवडलं.
शिफारशीत लिहिलं:
चालकानं डावीकडेही एक सेकंद थांबावं.
तुलिक्कीचा फोन आला, टायपिंगची चूक आहे का?

सोमवारच्या ओळी आता येताहेत.
डावीकडे शून्य पूर्णांक चार.
उजवीकडे तीन.